इगतपुरीच्या स्कॉटिश ड्रायव्हरचे आईवडील कोण? (मदत हवी आहे)

घाटमाथा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचनमात्र होते, आता कामासाठीच आले आहे.

माझ्या सासूबाई इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या अँग्लो-इंडियन. मराठी अस्खलित, शिव्यांसकट. त्यांचे पणजोबा जीआयपी रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते आणि ते थेट स्कॉटलंडहून आले होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या मागे कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. सासूबाईंना आता वयाच्या या टप्प्यावर ते जाणून घ्यायचं आहे आणि सुनेला इंटरनेट येतं, त्यामुळे काम माझ्या गळ्यात.

आडनाव देत नाही, सासूबाईंची परवानगी नाही. स्कॉटलंडच्या अँगस परगण्यात पोत्याने सापडणारं आडनाव आहे एवढं समजा. खाली त्यांना ड्रायव्हरबुवा म्हणते.

हातात आहे ते असं:

१. मुंबईच्या स्कॉट्स कर्कमध्ये (काळा घोड्याजवळचं सेंट अँड्र्यूज) १८७४ साली झालेल्या लग्नाची नोंद. वय २८, धंदा इंजिन ड्रायव्हर, वडिलांचं नाव आहे. आईचं नाही.

२. इगतपुरीला १८९९ मध्ये दफन. वय ५३, आजार, हुद्दा. आईवडिलांचा उल्लेख नाही.

३. घरातलं बायबल. पहिल्या पानावर शाईने लिहिलंय: प्रिय भावास, तुझी बहीण, आर्ब्रोथ, १८६९. (आर्ब्रोथ अँगसमधलंच.) खाली बहिणीची सही पूर्ण नावाने, लग्नानंतरच्या आडनावासकट. शेवटच्या कोऱ्या पानांवर ड्रायव्हरबुवांच्या हातची मुलांच्या जन्मांची यादी.

म्हणजे जन्म १८४६ च्या आसपास. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर वडिलांच्या नावासकट शोधलं, तर अँगसमध्ये त्या वर्षांत त्या नावाचा एकही बाप्तिस्मा नाही. वडिलांच्या नावाशिवाय शोधलं तर तीन सापडतात, तिघांचे बाप वेगळे. तीनपैकी एकाला धरून कुणीतरी ऑस्ट्रेलियातून चक्क वंशवृक्ष चढवून ठेवलाय, त्यात आमचे ड्रायव्हरबुवा १८५० मध्येच वारलेत.

पुढे कसं जायचं?

---

भुसावळ_जंक्शन

वा, इगतपुरी! थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला तेव्हापासून चढणीला मागे बँकर इंजिन लावायचं आणि त्यासाठी इगतपुरीला ड्रायव्हरांची फौज. आमच्याकडे भुसावळलाही जुन्या कब्रस्तानात अशी मंडळी आहेत.

ताई, लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं जे दप्तर आहे त्यात रेल्वे कंपन्यांनी विलायतेतून करार करून आणलेल्या नोकरांच्या नोंदी आहेत. पगार आणि कराराच्या अटी कळतील. बापाचं नाव मिळेल अशी आशा ठेवू नका, कंपनीला बापाशी काय देणंघेणं.

---

केल्टिक_केळकर

आडनाव कळलं की क्लॅन, म्हणजे कूळ, कळतो. क्लॅन कळला की टार्टन (कुळाचं चौकड्यांचं कापड) आणि गाव दोन्ही कळतं. एडिंबराच्या रॉयल माइलवर दुकानात आडनाव टाकलं की छापील कागद देतात. आम्ही गेलो होतो तेव्हा बायकोने 'केळकर' टाकून पाहिलं, कॅम्बेल निघालो.

---

दप्तरदार

केळकर, तुमचा कॅम्बेलपणा अबाधित राहो, पण धागाकर्तीने त्या वाटेला जाऊ नये. क्लॅन ही हायलँडची, म्हणजे डोंगराळ भागातली व्यवस्था. अँगसच्या सखल भागातल्या गिरणीवाल्याचा किंवा विणकराचा तिच्याशी संबंध असेलच असं नाही, आणि हायलँडमध्येसुद्धा आडनाव सारखं म्हणजे रक्त सारखं असं नव्हतं. आडनावागणिक ठरावीक टार्टन हे प्रकरण फोफावलं ते १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला आणि वॉल्टर स्कॉटने त्या भेटीचा थाट मांडला त्यानंतर.

आता कामाचं. घाटमाथाताई, तुम्ही इंग्लंडच्या सवयीने शोधताय असं दिसतंय. स्कॉटलंडचं दप्तर वेगळं आहे आणि सुदैवाने जास्त उदार आहे.

सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी तिथे १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. इंग्लंडपेक्षा अठरा वर्षं उशिरा, पण सुरू केली ती नीट. स्कॉटिश मृत्यूदाखल्यावर मयताच्या वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनाव, हे सगळं असतं. इंग्लंडच्या त्या काळच्या मृत्यूदाखल्यावर यातलं जवळपास काही नसतं. विवाहदाखल्यावर वर आणि वधू दोघांच्याही आईबापांची नावं. पहिल्या वर्षी, म्हणजे १८५५ ला, तर हौसेने आईबापांची जन्मगावं, वयं, आधीची मुलं असं काय काय विचारलं. रजिस्ट्रार लोक कावले आणि पुढच्या वर्षी रकाने कमी झाले.

१८५५ च्या आधी मात्र चर्चची वहीच. तिला तिकडे ओपीआर (ओल्ड पॅरिश रजिस्टर) म्हणतात. सर्वांत जुनी पर्थशरमधल्या एरल गावची, १५५३ ची. या वह्या फक्त चर्च ऑफ स्कॉटलंडच्या. तुमचा माणूस १८४६ चा. १८४३ मध्ये त्या चर्चमध्ये उभी फूट पडली, साडेचारशेच्या वर पाद्री बाहेर पडले आणि फ्री चर्च स्थापन झालं. आपल्या मुंबईतले जॉन विल्सन, विल्सन कॉलेजवाले, तेही त्यातलेच. पाद्र्यामागे लोकही गेले आणि त्यांच्या पोरांचे बाप्तिस्मे ओपीआरमधून गायब झाले. तेव्हा "बाप्तिस्मा नाही" याचा अर्थ "चुकीच्या चर्चची वही उघडली" इतकाच असू शकतो.

फॅमिलीसर्चची सूची फुकट आहे, ती वाट दाखवायला ठीक. मूळ पानाची प्रतिमा हवी असेल तर स्कॉटलंड्सपीपल. ती नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडची अधिकृत साइट आहे, पैसे क्रेडिटच्या रूपात भरायचे. जन्माला शंभर, लग्नाला पंचाहत्तर, मृत्यूला पन्नास वर्षं झाली की प्रतिमा ऑनलाइन दिसते. आणि मूळ प्रतिमा पाहिल्याशिवाय एकही नाव झाडाला टांगू नका. त्या ऑस्ट्रेलियातल्या गृहस्थांनी सूचीवरून टांगलंय.

---

घाटमाथा

दप्तरदार, खूप आभार. पण ड्रायव्हरबुवा वारले इगतपुरीत. त्यांचा स्कॉटिश मृत्यूदाखला असणारच नाही. म्हणजे ते उदार रकाने आमच्या काय कामाचे?

---

डंडीकर

नोकरीनिमित्त डंडीत (अँगसच्या शेजारीच), म्हणून मधे बोलतो. तुमचे नसले तर बहिणीचे रकाने कामाचे!

बहीण आर्ब्रोथला होती, तिचं सासरचं आडनाव तुमच्याकडे आहे. ती १८५५ नंतर वारली असणार, कारण १८६९ मध्ये बायबलवर सही करतेय. तिच्या मृत्यूदाखल्यावर तिच्या, म्हणजेच भावाच्या, आईबापांची नावं. स्कॉटलंडमध्ये बाईचं माहेरचं आडनाव कागदावरून सहसा पुसलं जात नाही, सूचीतही ती दोन्ही आडनावांनी सापडते. इथे कबरीच्या दगडांवरसुद्धा बायको बहुधा माहेरच्या आडनावाने असते, "अमक्याची पत्नी" हे त्याच्यापुढे.

एक सावधगिरी. मृत्यूदाखला मयत माणूस भरत नाही. खाली कुणी खबर दिली ते बघा. मुलगा किंवा नवरा असेल तर ठीक. शेजारी किंवा घरमालकीण असेल तर मयताच्या आईचं नाव बिनदिक्कत काहीही सांगितलेलं असतं. त्यामुळे तिचा विवाहदाखलाही काढा. लग्नाच्या वेळी माहिती तिने स्वतः दिलेली असेल.

मग १८५१ ची खानेसुमारी. १८४१ च्या खानेसुमारीत घरातल्यांचं एकमेकांशी नातं लिहिलेलं नाही आणि पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नातं, नेमकं वय आणि जन्माचं पॅरिश (चर्चच्या हद्दीचा गावभाग), तिन्ही येतं. ड्रायव्हरबुवा तेव्हा पाच वर्षांचे, कुणाच्या तरी घरात जेवत असतीलच.

एक किरकोळ: त्या काळच्या कागदांवर अँगस शोधू नका, फॉरफरशर शोधा. अँगस हे नाव सरकारदरबारी १९२८ पासून.

---

लिंबूटिंबू

वाचतेय. धागा वाचनखुणेत टाकला.

---

घाटमाथा

सगळं काढलं. आनंदाने ओरडणार होते, तोवर आकडे पाहिले.

बहिणीचा विवाहदाखला १८५६ चा, आर्ब्रोथ. गिरणीत काम, वय ३०. वडील हातमागाचे विणकर, नाव तेच जे मुंबईच्या लग्ननोंदीत ड्रायव्हरबुवांच्या वडिलांचं आहे. आईचं माहेरच्या आडनावासकट नाव. मृत्यूदाखला १८९२ चा, खबर मुलाने दिलेली, आईबाप तेच. इथवर सगळं जुळलं.

१८५१ ला ते विणकर कुटुंब अँगसमधल्याच एका विणकरगावात आहे (गावाचं नाव सांगत नाही, पाचशे उंबऱ्यांत आडनाव ओळखू येईल). त्यांच्याकडे आमचे ड्रायव्हरबुवा, वय ५, नातं: मुलगा. बाप ६१. आई ५८.

अठ्ठावन वजा पाच. त्रेपन्नाव्या वर्षी बाळंतपण?

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या आजीला शेवटचं मूल उशिराच झालं होतं. किती उशिरा विचारलं तर म्हणाल्या, बेचाळीस.

---

अॅबर्डीनची_मी

घाटमाथा, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये बायबलच्या शेवटी मुलांची यादी आहे म्हणालात. पूर्ण नावं आहेत का? आडनाव झाका, पण मधली नावं सांगता येतील का? थोरल्या मुलाचं विशेषतः.

विचारते कारण स्कॉटिश घरांत नावं ठेवायचा क्रम बराच पाळला जायचा. थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांचा, दुसरा आईच्या वडिलांचा, तिसरा स्वतः वडिलांचा. थोरली मुलगी आईच्या आईची, दुसरी वडिलांच्या आईची. कायदा नव्हता, मोडलाही जायचा, पण मोडतो तिथे कारण शोधावं.

---

घाटमाथा

आहेत. थोरल्याचं पहिलं नाव विणकर "वडिलांचं" नाही, भलतंच आहे. आणि मधलं नाव म्हणजे एक आडनावच आहे, जे आमच्या घराण्यात कुणाचंच नाही. बायकोच्या माहेरचंही नाही, ते मी तपासलं. सासूबाईंच्या मते कुणा इंजिनिअर साहेबाचं ठेवलं असेल. दुसऱ्या मुलाचं नाव बायकोच्या वडिलांचं, ते क्रमाने बरोबर. थोरली मुलगी बायकोच्या आईची, तेही बरोबर. दुसरी मुलगी...

हे लिहिता लिहिता आत्ता लक्षात येतंय. दुसऱ्या मुलीचं नाव विणकराच्या बायकोचं नाही. आर्ब्रोथच्या बहिणीचं आहे.

---

अॅबर्डीनची_मी

तेच वाटलं होतं.

बहीण १८५६ ला तीस, म्हणजे १८४६ ला वीस. बहुधा ती बहीण नाही, आई आहे. लग्नाआधी मूल झालं, आजीआजोबांनी स्वतःचं म्हणून वाढवलं, पोराने आईचं माहेरचं आडनाव लावलं. मुंबईत पाद्र्याने बापाचं नाव विचारलं तेव्हा आजोबांचं सांगितलं. थोरल्या मुलाचं भलतं नाव आणि त्यापुढचं भलतं आडनाव हे खऱ्या बापाचं.

ही कल्पनेची भरारी नाही, इकडे हा साचा फार दिसतो. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण द्यायचं तर ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड. होय, तोच, ज्याच्या १९३२ च्या जातीय निवाड्यावरून गांधीजी येरवड्याला उपोषणाला बसले आणि पुणे करार झाला. लॉसीमाउथला १२ ऑक्टोबर १८६६ चा जन्म. आई अ‍ॅन रॅम्से, मोलकरीण. बाप जॉन मॅक्डोनाल्ड, शेतावरचा गडी. लग्न झालं नाही. मुलाचं नाव नोंदवलं जेम्स मॅक्डोनाल्ड रॅम्से. आडनाव आईचं, बापाचं आडनाव मधे. वाढला आजीच्या झोपडीवजा घरात. पुढे त्याने पहिल्या महायुद्धाला विरोध केला तेव्हा १९१५ मध्ये 'जॉन बुल' नावाच्या नियतकालिकाने त्याचा जन्मदाखला छापून चव्हाट्यावर आणला.

तुमच्याकडे तेच मधलं नाव एक पिढी उशिरा आलंय इतकाच फरक.

---

शंकेखोर

थांबा. मधलं आडनाव हा पुरावा नाही. स्कॉटिश लोक पाद्र्याचं, डॉक्टरचं, जमीनदाराचं, आजीच्या माहेरचं, कशाचंही आडनाव मधे घालतात. सासूबाई म्हणतात तसा लोको सुपरिंटेंडेंटही असू शकतो. आणि दुसऱ्या मुलीला आत्याचं नाव ठेवायला काय हरकत आहे? लाडकी बहीण, बायबल पाठवणारी. त्रेपन्न वय हे खानेसुमारीचं वय आहे, त्यात दोन-चार वर्षांची थाप सहज असते.

तिन्ही गोष्टी मिळून संशय दाट होतो, मान्य. पण संशयावर एका मेलेल्या बाईला कुमारी माता ठरवू नये.

शिवाय हे सगळं कशाला, हाही प्रश्न आहेच. त्यांनी तीन पिढ्या झाकून ठेवलं, आपण उकरतोय.

---

दप्तरदार

शंकेखोरांचा पहिला परिच्छेद सोळा आणे खरा. शेवटच्यावर इतकंच म्हणतो की त्यांनी ते फारसं झाकलेलं नसावं, आपल्यालाच ते लांबून तसं दिसतंय. त्या काळी एकूण स्कॉटलंडमध्ये दहातलं जवळपास एक मूल लग्नाबाहेरचं नोंदलं जाई, ईशान्येच्या शेतीपट्ट्यात त्याहूनही जास्त. कारणं साधी होती. शेतावरचे गडी आणि मोलकरणी सहा-सहा महिन्यांच्या कराराने राहात, गड्यांना निजायला सामाईक खोली, बायकोपोरांसाठी घर नाही. आपल्याकडे सालगडी पाडव्याला मालक बदलतो, तसे तिकडे मे आणि नोव्हेंबरच्या ठरलेल्या दिवशी गडी बदलत. लग्न करायचं म्हटलं तरी संसार थाटायचा कुठे? गावाला हे ठाऊक होतं आणि आजीआजोबांनी पोर वाढवणं ही रीतच होती.

आता पुरावा. १८४६ ला सरकारी नोंद नाही, बाप्तिस्मा सापडत नाही. राहतं काय? कर्क सेशन.

प्रत्येक प्रेस्बिटेरियन चर्चला (चर्च ऑफ स्कॉटलंड आणि फ्री चर्च दोन्ही त्यातली) पाद्री आणि एल्डर, म्हणजे निवडलेले वडीलधारे, यांची एक पंचायत असे, तिला सेशन म्हणत. गावकऱ्यांचं नैतिक आचरण तपासणं हे तिचं काम. लग्नाविना मूल झालं की बाईला बोलावणं जाई आणि पहिला प्रश्न: बाप कोण? यात धर्म होता तसा हिशेबही होता, बाप सापडला नाही तर पोर गरीबनिधीवर पडे. १८४५ च्या कायद्याने गरिबांची जबाबदारी पॅरिश बोर्डांकडे गेली, पण सेशनची चौकशी पुढेही अनेक वर्षं चालू राहिली. जुन्या काळी दोषींना चर्चमध्ये सर्वांसमोर स्टुलावर बसवत, १८४६ पर्यंत बहुतेक ठिकाणी खाजगीत समज देऊन भागवत. समज घेतल्याशिवाय पोराला बाप्तिस्मा नाही, त्यामुळे बायका येत.

ही इतिवृत्तं स्कॉटलंड्सपीपलवर आहेत. खातं उघडा, पानं पाहायला पैसे पडत नाहीत. फक्त नावांची सूची नाही. चर्च निवडायचं, वही निवडायची आणि पान पान वाचायचं. चर्च ऑफ स्कॉटलंड आणि फ्री चर्च दोन्हींच्या बघा. जन्माच्या आधीच्या सहा महिन्यांपासून सुरुवात करा, कारण पोट दिसायला लागलं की बोलावणं जायचं.

अवांतर, पण पुढे कुणाला लागेल म्हणून: मुलाचा जन्म १८५५ नंतरचा असता तर जन्मदाखल्याच्या समासात बघायला सांगितलं असतं. बापाने स्वतः येऊन आईसोबत सही केल्याशिवाय त्याचं नाव लिहीत नसत. पण आईने शेरिफ कोर्टात पोटगीचा दावा लावून जिंकला तर दुरुस्त नोंदींच्या वेगळ्या वहीत बापाचं नाव, पत्ता, निकालाची तारीख सगळं यायचं आणि मूळ नोंदीच्या समासात तिचा हवाला. लोक दाखला काढतात, समास वाचत नाहीत.

---

माहेर_मिरज

दप्तरदार, तुमच्या अवांतराने माझी झोप उडाली. नवऱ्याच्या पणजीचा १८८८ चा ग्लासगोचा जन्मदाखला आमच्याकडे फ्रेम करून लावलाय, बापाचा रकाना कोरा म्हणून सासरे कधी त्याबद्दल बोलत नाहीत. समासात बारीक अक्षरात काहीतरी आहे, आम्ही ते शिक्क्याचा भाग समजत होतो. घरी जाऊन बघते.

---

केल्टिक_केळकर

डीएनए टेस्ट करून टाका ना. हा सगळा खटाटोप वाचेल.

---

डंडीकर

वाचणार नाही, पण जोड म्हणून चांगली. सासूबाई पणती, म्हणजे ड्रायव्हरबुवांचा साधारण आठवा हिस्सा त्यांच्यात आहे. तेवढ्यावर दूरचे चुलत सापडतात. मुलांनी किंवा नातवंडांनी नको, सासूबाईंनीच करायची, दर पिढीला हिस्सा निम्मा होतो. मात्र नाव हाताशी नसताना पाचशे अनोळखी चुलतांची यादी घेऊन काय करणार? आधी कागदातून बापाचं आडनाव मिळवा, मग त्या आडनावाची माणसं यादीत आहेत का बघा.

---

घाटमाथा

सापडलं. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वहीत नव्हतं, फ्री चर्चच्या वहीत होतं.

अक्षर सुंदर आहे पण एका ओळीत शाई इतकी फिकी की मोबाइलवर काही दिसेना, शेवटी ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर जेवणाच्या सुट्टीत वाचलं. प्रत्येक बैठकीची सुरुवात सारखीच: तारीख, पाद्री आणि हजर एल्डरांची नावं, प्रार्थनेने कामास आरंभ. मग कामं. एका बैठकीत चर्चच्या गळक्या छपराचा खर्च आणि लगेच खाली ती. विणकराची अविवाहित मुलगी, नाव तेच, हजर झाली, आपण मुलाला जन्म दिल्याचं कबूल केलं. बाप कोण विचारल्यावर नाव सांगितलं. शेजारच्या पॅरिशमधल्या एका शेतावरचा नांगर धरणारा गडी. शेताचंही नाव आहे.

त्याचं आडनाव म्हणजे थोरल्या मुलाचं मधलं नाव. त्याचं पहिलं नाव म्हणजे थोरल्या मुलाचं पहिलं नाव.

तो गडी दुसऱ्या मंडळीचा, म्हणून यांच्या सेशनने त्यांच्या सेशनला पत्र पाठवायचं ठरवलं. पुढच्या बैठकीत उत्तर आलं की तो नाकारतो. नंतरच्या बैठकीत ती पुन्हा हजर, जबाब तोच. त्यानंतर दीडेक महिन्याने त्याने मान्य केल्याचं पत्र. मग तिला समज, मग "मंडळीत पुन्हा प्रवेश". बाप्तिस्म्याची नोंद त्याच चर्चच्या वहीत आहे, मुलाला हातात धरणारा म्हणून आजोबांचं नाव. म्हणजे मुंबईत ड्रायव्हरबुवांनी सांगितलेलं नाव तसं अगदीच हवेतलं नव्हतं.

शंकेखोर, समाधान झालं का?

आणि तुमच्या "झाकून ठेवलं" बद्दल: ड्रायव्हरबुवांना माहीत होतं. माहीत नसतं तर थोरल्याला ते नाव कसं ठेवलं असतं? बायबलवर बहीण लिहिणारीलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे का, ते कागद सांगत नाही.

---

शंकेखोर

समाधान झालं. तिने दोनदा एकच जबाब दिला आणि त्याने शेवटी कबूल केलं, शिवाय तेच नाव तीस वर्षांनी घाटावर उमटतं. याहून जास्त कुणाच्याच बापाचा पुरावा नसतो.

---

भुसावळ_जंक्शन

त्या गड्याने कबूल करायला एवढे दिवस घेतले, हे वाचून डोकं फिरलं. एल्डरांच्या घोळक्यासमोर त्या विशीतल्या मुलीने दुसऱ्यांदा उभं राहून तेच नाव घेतलं, मानलं बाईला.

सासूबाई काय म्हणाल्या?

---

घाटमाथा

थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपण त्या आडनावाचे नाहीच?" मी म्हटलं, आहोत की, आईकडून आहोत. मग म्हणाल्या, थोरल्या काकाआजोबांना त्या मधल्या नावावरून शाळेत चिडवायचे, त्यांनी पुढे ते लिहिणंच सोडलं. त्यानंतर त्यांनी फोनवर त्यांच्या बंगलोरच्या बहिणीला सगळं सांगितलं, इतक्या मोठ्या आवाजात की सोसायटीलाही कळलं. तेव्हा झाकण्याचा प्रश्न आमच्याकडे तरी मिटला.

आता त्यांना गड्याचे आईवडील हवेत.

---

डंडीकर

स्वाभाविक आहे, एकदा लागलं की सुटत नाही.

१८५१ ला त्या शेतावर तो सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका, गडी एका जागी टिकत नसत. आजूबाजूच्या पॅरिशमध्ये त्या नावाचे नांगरवाले वेगळे काढा, वय जुळणारे ठेवा. मग प्रत्येकाचा १८५५ नंतरचा मृत्यूदाखला. तिथे पुन्हा आईबाप, माहेरच्या आडनावासकट. जो कॅनडा किंवा न्यूझीलंडला गेला असेल त्याचा मिळणार नाही, आणि न्यूझीलंडच्या ओटागोला इथून पुष्कळ गेले. तेव्हा डीएनए कामाला येईल: सासूबाईंच्या यादीत ओटागोतल्या डनीडनकडचे त्या आडनावाचे चुलत निघाले तर समजा.

इथे टे व्हॅली फॅमिली हिस्ट्री सोसायटी आहे, अँगसच्या कबरींवरचे लेख त्यांनी नोंदवून ठेवलेत. मला आडनाव खरडीतून कळवा, शनिवारी जाऊन बघतो.

---

माहेर_मिरज

फ्रेम उघडली. शिक्का नाही. "दुरुस्त नोंदींची वही" आणि खंड-पान क्रमांक, तारीख १८८९. दप्तरदार, आता हे पान मागवायचं कसं? सासऱ्यांना आधी सांगू की नंतर?

---

दप्तरदार

स्कॉटलंड्सपीपलवर मूळ जन्मनोंद उघडा, दुरुस्तीची नोंद असेल तर प्रतिमेसोबतच तिचा दुवा दिसतो. नाही दिसला तर त्यांना लिहा, खंड-पान द्या.

सासऱ्यांना आधी विचारा. दाखला त्यांच्या आजीचा आहे.